शेंदराखालचा माल

सलाउद्दीनने पेटीचं ठोकलेलं झाकण परत उचकटलं, थर्माकोल बाजूला सारला आणि कागदात गुंडाळलेला दगड तान्हं बाळ उचलावं तसा अलगद उचलून टेबलावर ठेवला.

"हा घ्या तुमचा देव. बघा, कसा न्हाऊनमाखून बसलाय!"

भागुबाईने पदर खोचला. वाकून पुढून पाहिलं, मागून पाहिलं. पांढऱ्या दगडावर हिरवट, काचेसारखे टोकदार खडे उगवले होते आणि सातपूरच्या त्या शेडमधली ट्यूबलाइट त्यांच्यात तुकड्यातुकड्यांनी चमकत होती.

"ह्यो नाय," ती म्हणाली.

"अहो ताई, हाच!"

"आमचा देव लाल हाय."

सलाउद्दीनने तिच्या नवऱ्याकडे पाहिलं. लहानू भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होता. घोटीजवळच्या त्याच्या रानात विहीर खोदताना हा दगड निघाला, तेव्हा भागुबाईने त्याला शेंदूर फासून काठावर बसवला आणि वर्षानुवर्षं पुजला. मागच्या महिन्यात ती माहेरी गेली तेवढ्यात लहानूने तो सलाउद्दीनला विकून टाकला आणि पाण्याची नवी मोटर घेतली. खाणीतले, विहिरीतले असले खडे गोळा करायचे, धुवायचे, पॅक करून परदेशी पाठवायचे, हाच सलाउद्दीनचा धंदा. बाई माहेराहून आली, तर काठ रिकामा.

"मोटर कशी आहे रे? पळते ना?"

"पळंल की," लहानू पुटपुटला. "पण ही बटन दाबू देत नाय. देव आल्याबिगर पाणी काढायचं नाय म्हणती. टमाट्यांनी माना टाकल्या, शेठ."

"देवाच्या जिवावर आणलेलं पाणी मला नको," भागुबाई म्हणाली.

आता इथे सरळ 'नाही' म्हणता आलं असतं. जर्मनीच्या गिऱ्हाइकाने अख्खा माल या एकाच पीसचा फोटो बघून उचलला होता आणि टेम्पो दारात उभा होता. पण पन्नाशी उलटली तरी सरळ काही करायचं म्हटलं की सलाउद्दीनला चैन पडत नसे.

"लाल पाहिजे ना? लाल करून देतो. जयराम, कोपऱ्यावरून शेंदूर आण. आणि तेलाची बाटली."

"कशाला, शेठ?" पेट्या ठोकणाऱ्या जयरामने विचारलं.

"तू आण तर. मजा बघ."

पत्र्याच्या पार्टिशनमागे त्याने भंगारातून त्याच आकाराचे चार दगड निवडले. पाचवा खरा. एकदा धुतलेला माल परत धुता येतो, त्यात काय. कोपरापर्यंत बाह्या सारून त्याने पाचही दगड स्वतःच लालबुंद माखले आणि गोणपाटावर ओळीने मांडले. खरा मधोमध.

"या ताई. यातला एक तुमचा. ओळखला की घेऊन जा, जबान देतो. चुकला तर जो उचलाल तो तुमचा, आणि भांडण खलास."

"ही चीटिंग हाय, शेठ," लहानू म्हणाला.

"तू गप!" दोघंही एकदमच म्हणाले.

भागुबाई बघत राहिली. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत, मग उलटी. कपाळावर आठी चढली. हात मधल्या दगडाकडे गेला, तिथे थबकला, पुढे सरकला. सलाउद्दीनने हसू मिशीत दाबलं.

"चपला काढा," ती अचानक म्हणाली.

लहानूने काढल्या. जयरामने काढल्या. 'अजून किती वेळ' विचारायला आत आलेल्या टेम्पोवाल्यानेही काही न विचारता काढल्या. ती खाली बसली, पाचांनाही डोकं टेकलं.

"असं शाळेतल्या पोरांवानी उभं करत्यात व्हय देवाला?" म्हणत तिने दगड जवळ ओढायला सुरुवात केली. हा इकडं, तो तिकडं, एकाचं तोंड फिरवलं, एक मागं सरकवला. सलाउद्दीन तिच्या हातांवर नजर रोखून होता. मधला डावीकडे गेला. मग पुढे आला. का तो दुसरा?

"मग, कोणता?" त्याने घाईने विचारलं.

"मला काय ठावं? मघाशी एकबी नव्हता, आता पाच हायेत. तुमीच तर बसवले."

"अहो, मी गंमत…"

"कुनी का बसवंना."

"एक तरी उचला ना ताई!"

"एकाला नेऊ, अन् बाकीच्या चौघांस्नी काय सांगू?" ती उठली. "ऱ्हाऊ द्या हितंच. सुखात हायेत. मी येत जाईन." मग लहानूकडे वळून, "चल. मोटर चालू कर."

दारात ती थांबली.

"शेठ, वरून पाणी नका घालू हां. शेंदूर उतरतो."

सलाउद्दीनने तिच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. अख्ख्या नाशकाला टोप्या घालत आलेल्या त्या माणसाला, ही बाई भोळी आहे की महाबिलंदर, काही केल्या कळेना.

ती गेली तसा तो ओरडला, "जयराम, बादली! पाचही धुऊन काढ."

जयराम जागचा हलला नाही.

"शेठ, दुसरं कायबी सांगा."

"तू तरी, ड्रायव्हर?"

"मी गाडी चालवतो, भाऊ," टेम्पोवाला म्हणाला आणि बाहेर सटकला.

टेबलावरचा फोन थरथरला. जर्मनी. सलाउद्दीन दगडांसमोर उकिडवा बसला. पाचही सारखे, पाचही ओले, पाचही त्याच्याकडेच बघत असल्यासारखे. अवघड काहीच नव्हतं. नखाने जरासं खरवडलं असतं तरी कळलं असतं. त्याने बोट पुढे केलं. बोटाला मघाचा शेंदूर तसाच होता. त्याने ते बोट मागे घेतलं, रुमालाला पुसलं, परत पुढे केलं.

फोन वाजून थांबला. बाहेर हॉर्न झाला.

"आलो, आलो," म्हणत तो उठला आणि चप्पल शोधायला लागला. चप्पल दारात होती, जयरामच्या चपलेशेजारी नीट जोडीने ठेवलेली. ती कधी काढली, त्याला आठवेना.