मुठीतली किल्ली

मी एक जुना स्प्रे आहे, मित्रांनो, नाकात मारायचा. मला पाहून कुणाला सर्दीचं औषध आठवतं, तर कुणी अत्तर समजून हुंगायला जातं. मी फिटचा, म्हणजे आकडीचा स्प्रे. आकडी आली की माणसाची दातखिळी बसते, तोंडातून गोळी जात नाही. नाकाचं दार मात्र उघडं असतं. तिथून मी आत शिरतो आणि झटके थांबवतो.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. तिथं आम्ही सगळे सारखेच होतो. कोल्हापूरच्या डॉक्टरीणबाईंनी मला पेठ वडगावच्या एका आईच्या हातात दिलं, तेव्हापासून मी तिच्या लेकीचा, संयोगिताचा झालो. संयोगिता सातवीत होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आकडी पाच मिनिटांत थांबली नाही, तर हा नाकात मारायचा. ही जाईल तिथं हा पाहिजे." ऐकून मी हरखलो. आता हिच्याबरोबर शाळा बघायची, जत्रा बघायची, असे मनातल्या मनात बेत सुरू झाले.

पण आईनं मला घरी नेलं आणि लोखंडी कपाटात, दागिन्यांच्या डबीशेजारी ठेवून कुलूप लावलं. तिची माया तशीच होती. मोलाची वस्तू कुलपात, एवढंच तिला ठाऊक. मी अंधारात बसून बाहेरचे आवाज ऐकायचो. संयोगिताच्या सायकलची घंटा वाजली की माझा जीव तिकडे ओढ घ्यायचा.

तिचंही माझ्यासारखंच झालं होतं. वर्गाची सहल पन्हाळ्याला निघाली तेव्हा तिनं विचारलं, "आई, मी बी जाऊ?"

"नगं बाई. तिथं तटावर काय झालं तर? पुढच्या वर्षी बघू की."

सहलीच्या दिवशी ती कपाटाला पाठ टेकून बसून होती. पत्र्याच्या एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला मी. मला तिच्याबरोबर जायचं होतं हो, फार जायचं होतं.

त्याच संध्याकाळी तिला आकडी आली. शेजारच्या शालूबाई धावत आल्या. त्यांनी आईच्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगा ओढला आणि पोरीच्या हातात कोंबला. "लोखंड धरलं की उतरती बघ आकडी."

संयोगिताची मूठ घट्ट आवळली गेली. आकडी काही उतरेना. मिनिटं जाऊ लागली तशी आईला माझी आठवण झाली, आणि तिचा हात आपल्या रिकाम्या कमरेकडे गेला.

"शालूअक्का, कपाटाची किल्ली त्या जुडग्यातच हाय की."

ती बोटं सोडवू लागली, पण मूठ सुटेना. मी आतून सगळं ऐकत होतो. मध्ये फक्त एक पत्रा होता, मित्रांनो, आणि मला तो ओलांडता येत नव्हता. इतका मी कधीच तळमळलो नाही.

तेवढ्यात संयोगिताचे वडील, कृष्णात, डेअरीला दूध घालून घरी आले. "बोटं मोडशील तिची, सोड," म्हणत त्यांनी पहार घेतली आणि कपाटाचं दार उचकटलं. आईनं मला लेकीच्या नाकपुडीत धरून दाबलं. थोड्या वेळानं झटके थांबले. मूठ आपोआप सैल झाली, किल्ल्या फरशीवर पडल्या. शालूबाईंनी त्या उचलून आईला दिल्या. "मला म्हाईतच न्हवतं गं, औषध कुलपात हाय म्हणून," एवढंच त्या म्हणाल्या. मग सगळे तिला घेऊन दवाखान्यात गेले.

माझ्यातलं औषध संपलं. आईला मला टाकवेना, म्हणून तिनं खिडकीत ठेवलं. नव्या स्प्रेसाठी तिनं कापडी पिशवी शिवली. ती दप्तराच्या पुढच्या खणात असते. पुढच्या वर्षी सहल पुन्हा पन्हाळ्याला निघाली, तेव्हा आई मला घेऊन शाळेत गेली आणि बाईंना कसं दाबायचं ते माझ्यावरच दाखवून आली. संयोगिता गेली. मी खिडकीतून एसटी वळेपर्यंत बघत राहिलो.

संध्याकाळी तिनं पिशवी माझ्याशेजारी ठेवली. पिशवीला तांबडी माती लागली होती. "बघ आई, हात बी लावाय लागला न्हाय."

मित्रांनो, आम्हाला दागिन्यांसारखं जपू नका. दप्तरात ठेवा, सगळ्यांना माहीत असू द्या. तुमच्याबरोबर गावभर हिंडावं आणि भरलेलंच घरी परत यावं, हीच आमची हौस. माझी राहून गेली. पिशवीवरची ती तांबडी माती मात्र अजून कुणी झटकलेली नाही, आणि दप्तर घरी आलं की मी रोज तिच्याकडे बघतो.