एल्डन क्रीकची नोट

रॉस टिलमननं नोट खिडकीच्या उजेडात धरली आणि लगेच काउंटरवर ठेवून दिली.

"खोटी आहे का?" काउंटरमागून नॉर्मा हावलिकनं विचारलं. नेब्रास्कातल्या हमरस्त्यावरची ती छोटी खाणावळ तिची. जुन्या नोटांचा पारखी म्हणून तिनंच त्याला बोलावलं होतं.

"नाही. खरी आहे."

पूर्वी गावोगावच्या बँका स्वतःच्या नावानं नोटा काढत. अध्यक्ष आणि कॅशियर त्यांवर शाईनं सह्या करत. एल्डन क्रीक हे गाव केव्हाच उठून गेलं होतं. त्याच्या बँकेची एवढी एकच नोट उरली होती, आणि ती क्लेटन बर्चची. सही करणारा कॅशियर त्याचा आजोबा. रॉसला हा धंदा बर्चनंच शिकवला, पण कितीही विनवण्या केल्या तरी ही नोट काही त्यानं विकली नाही. बर्च गेला तेव्हा, त्याच्या मुलीच्या सांगण्यावरून, रॉसनं स्वतःच्या हातानं ती शवपेटीत त्याच्या कोटाच्या खिशात सरकवली होती. पेटीत पाय झाकलेलेच राहतात, म्हणून बर्चला बूट कुणी घातले नव्हते. झाकण रॉसच्यादेखत बंद झालं होतं.

कुणीतरी थडगं उकरलं असणार, त्यानं मनाशी ठरवून टाकलं.

"कुणी दिली ही?"

"एका म्हाताऱ्यानं. खसखस भरलेले गोड पाव, आमचे कोलाचे, खाल्ले, कॉफी घेतली आणि ही पुढे केली. म्हटलं, आजोबा, हे इथं चालायचं नाही. तर म्हणतो कसा, ठेव गं, माझ्या आजोबांची सही आहे, न चालायला काय झालं?"

रॉसनं रुमाल काढून तळहात पुसले.

"दिसायला कसा होता?"

"लग्नाला घालतात तसा काळा सूट. पण पायात बूट नाहीत, नुसते मोजे. फरशी नुकतीच पुसली होती, म्हणून लक्ष गेलं माझं. बाहेर गुडघाभर बर्फ, आणि मोजे अगदी कोरडे." तिनं काउंटरवरून फडकं फिरवलं. "तुम्ही घेताय का नोट? भाव करा काहीतरी."

रॉसनं सही पुन्हा एकदा निरखली. मग एका बोटानं त्यानं नोट तिच्याकडे सरकवली.

"ती तुमची नाही. परत येणार आहे का तो?"

"हो, म्हणाला होता. माझ्याकडे मोड नव्हती, म्हणाला शुक्रवारी येऊन घेईन." तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "म्हणजे आजच की."

रॉस उठला, गाडीपर्यंत गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात त्याचे जास्तीचे लोकरी अस्तराचे बूट होते. ते त्यानं दाराशी नीट जोडीनं ठेवले, नाड्या सैल केल्या आणि दाराकडे तोंड करून बसला.