कुलदीपचं कारण
आईच्या पदराला टाचलेला माईकचं काळं बोंड गोचिडासारखं दिसत होतं, आणि पौर्णिमाची नजर तिथून हलत नव्हती. समोर अद्वैत, माणसं गुन्हे का करतात यावर प्रबंध लिहिणारा, त्यासाठी तिच्या भावाबद्दल विचारायला अमरावतीहून अकोल्याला आलेला, आजाऱ्याच्या उशाशी बसल्यासारखा मऊ बोलणारा.

"कुलदीपचे वडील... मारायचे का?"

"नाही जी. कधी बोट नाही लावलं."

"घरात दारू? तंगी?"

"नाही."

त्याचा चेहरा पडला. पडला! बापानं पोराला झोडपलं असतं तर किती सोय झाली असती याची... वर्षभर सगळ्यांनी कारणंच तर पुरवली होती — शेजारच्या ज्योत्स्नाकाकूंच्या मते मोबाईल, मामांच्या मते बापाकडचं रक्त, वकिलाच्या मते बेकारी. आणि नोकरी तर होती त्याला, नांदगाव पेठेतल्या गिरणीत, तिथंच त्यानं नितेशला, स्वतःच्या मित्राला, जेवताना थट्टा केली म्हणून लोखंडी सळईनं... आता त्याच कारणांना भारदस्त नावं देऊन हा शहाणा डॉक्टर होणार. एक घर, एक आई, एक बाप. मग मी? मी कुणाचा जीव घेतला? आहे का रे तुझ्या पुस्तकात?

"आठवून बघा. काहीतरी असेलच."

आईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग, आलेल्या पाहुण्याला रिकामं कसं पाठवायचं, अशा ओशाळलेल्या आवाजात म्हणाली, "मीच लाडावलं असंन त्याले. लिहा तुमी. माह्यामुळंच झालं."

आणि तो हसला. समाधानानं. मान डोलावून लिहू लागला.

पौर्णिमाचं कानशील तापलं. टेबलावरचा पाण्यानं भरलेला पितळी गडवा मुठीत आला होता — आला, हे तिला नंतर कळलं. गार, जड. डोक्यात काहीच नव्हतं. फक्त ती डोलणारी मान, आणि मानेवरची एक निळी शीर...

"पाणी दे वं सरांले," आई म्हणाली.

तिनं ओतलं. पेला भरून सांडला तरी ओतत राहिली. तुरुंगाच्या जाळीपलीकडून कुलदीप म्हणाला होता, "काही विचारच नव्हता, ताई," आणि ती थुंकल्यासारखी पाठ फिरवून निघून आली होती. इतकं फालतू उत्तर!

अद्वैत आता तिलाच काहीतरी विचारत होता. ओढणीखाली एका हातानं दुसरा हात घट्ट धरून ती बसली. त्याला हसावं, तुच्छतेनं, मघा मनातल्या मनात हसली होती तसं — पण ओठ वळेनात, आणि धरलेला हात सोडायचं धाडस होईना.