धुक्यातली नांगरट

"नांगराला हात लावलास तर गावाचा पाऊस जाईल गो वयनी," दीर हैबती म्हणाला. "अर्धं शेत माज्या नावावर कर. उद्याच चिखलणी करून देतो."

प्रयागबाईचा नवरा शिमग्यानंतर वारला. बैल होते, नांगर होता, भाताची रोपं पंचवीस दिवसांची झाली होती. आणखी चार दिवसांनी ती फुकट गेली असती. नव्हता तो फक्त पुरुष. गुडघाभर चिखलात दिवसभर लावणी करणारी बाई देवाला चाले. त्याच चिखलात तिनं नांगर धरला की देव रागावे, याबद्दल पोलादपुराकडं दुमत नव्हतं.

आणि त्यात ती सरकारी प्रचाराची गाडी. महाडचा हसन दर महिन्याला शाळेत पडदा लावून काळ्या-पांढऱ्या हलत्या चित्रांची मालिका दाखवी. तिच्यात साळू नावाची चित्रातली बाई होती. मे महिन्यात साळू सायकलवर बसली. लोक पोट धरून हसले. जूनमध्ये पंचायतीच्या खुर्चीवर बसली; जरा कमी हसले. जुलैत तिनं नांगर धरला, तेव्हा कोणी खोकलंसुद्धा नाही. शेत नांगरून झाल्यावर साळूनं मान वळवून पडद्याबाहेर पाहिलं. थेट प्रयागबाईकडं.

"हसनभाई, ती माज्याकडं बगत होती?"

"कागदावरची बाई हाय ती, बाय." हसन रीळ गुंडाळत राहिला. मग हळूच म्हणाला, "मलापण वाटतं कदी कदी."

दुसऱ्या दिवशी धुक्यात तिनं बैल जुंपले. दुपारी तळहात सोलले तेव्हा अर्धं शेत राहिलं होतं. सकाळी पुन्हा गेली, तर तेही झालेलं. चिखल लोण्यासारखा, आणि त्यात खुराची एक खूण नाही. बैल गोठ्यात कोरड्या पायांनी रवंथ करत होते.

हैबती नारळ घेऊन धापा टाकत आला. "साळू होती! काल मी डोळ्यांनी पाह्यली. अंगाला रंगच नाय!"

"काल दुपारपत्तर मीच होते रे."

"गप बस! बाईनं धरला असता तर बैल जाग्यावर बसले असते."

धुक्यात कोणाच्याच अंगाला रंग नसतो, हे सांगण्यात अर्थ नव्हता. वहिनीनं नांगरलं यापेक्षा चित्रानं नांगरलं, हे त्याच्या पचनी लवकर पडलं. अर्ध्या शेताचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही. बांधावर नारळ ठेवून तो शेताला पाठ न दाखवता उलटा चालत गेला.

लावणीला एकही बाई फिरकली नाही. प्रयागबाई एकटीच वाकली. थोड्या वेळानं शेजारी चिखलात रोप खोचल्याचा आवाज आला. मग आणखी एक.

तिनं वर पाहिलं नाही. जरा डावीकडं सरकली आणि एका माणसाचा हात चालेल एवढी जागा करून दिली.