मुशीचे तेल

"आतून कोरडंच ठेवतंस? अर्धाच रंगवाचा होता, तर खोललंस कनाला?" अंबाजीने पायरीवरून खेकसून विचारले.

हरेश्वर उकिडवा बसून ब्रेकच्या ड्रमला बाहेरून लाल रंग देत होता. होडी सोडून ड्रायव्हर झाल्यापासून बाप त्याच्याशी बोलत नव्हता. आज आपणहून बोलला, तेही खेकसून.

"आतून न्हाय लावत, बाबा," एवढेच म्हणून तो जेवायला आत गेला.

हरेश्वर ज्याची मोटार चालवायचा, त्या शेटच्या मुलाचे लग्न होते. मुंबईत कुणाच्या तरी मोटारीचे लाल ब्रेक पाहून शेट येडावला होता. चाकांच्या फटींतून लाल दिसलेच पाहिजे, असा हुकूम सुटला. शेटच्या अंगणात मांडव पडलेला, म्हणून मोटार कोळीवाड्यात, अंबाजीच्या दारात आली. उद्या हरेश्वरने नवऱ्या मुलाला घाटापलीकडे नीट पोचवले की बदली ड्रायव्हरचा तो कायमचा ड्रायव्हर होणार होता.

अंबाजीला शेटचा राग होता, मोटारीचा राग होता, श्रीवर्धनच्या बंदरात आलेल्या इंजिनाच्या होड्यांचाही होता. त्याची स्वतःची होडी माडाच्या झापांखाली वाळत पडली होती. ती एकट्याने लोटवत नाही, हा राग सगळ्यांत मोठा.

पण खारे वारे लोखंड कसे खातात, हे त्याने जन्मभर पाहिले होते. उघडे पडलेले लोखंड बघून त्याला बसवेना. होडी पाण्यात जाण्याआधी तिच्या लाकडाला, कड्यांना, साखळ्यांना मुशी माशाच्या काळजाचे तेल पाजायचे, आणि जो समुद्रात जाणार त्याचे नाव मनात घ्यायचे, ही त्याच्या घरची रीत. त्याने माळ्यावरून डबा काढला. तळाशी राहिलेले सगळे तेल चिंधीवर ओतले. ड्रम आतून माखले, आतले पट्टे माखले आणि प्रत्येक चाकापाशी हरेश्वरचे नाव घेतले. कितीतरी दिवसांनी त्याला बरे वाटले.

हरेश्वर बाहेर आला तो वासानेच थबकला. ड्रममध्ये बोट फिरवले आणि ओरडला, "बाबा! ह्ये काय केलंस?"

"तू उघडं टाकून गेलास. मी तेल लावलं."

"ब्रेकला तेल? अरे, त्ये पट्टे घासले तर गाडी थांबते! आता तेल प्याले ते! उद्या घाटात नवऱ्यासकट दरीत गेलो असतो!"

"मना काय ठावं? गंजू नये म्हनून..."

"ठावं न्हाय तर इचाराचा! बोलतंस कुठं तू? तोंड शिवून बसतंस आनि मागून हात घालतंस!" त्याने रंगाचा डबा लाथाडला. वाळूत लाल ओघळ गेला. "तुला सगली होडीच दिसते. मीबी होडीच! तेल पाजून वाळूत ठेवाचा!"

"मेल्या, तुजा जीव राखाला लावलं!" अंबाजी उठला. "शेवटचं तेल व्हतं त्ये! होडीला न्हाय लावलं, तुज्या ह्या डबड्याला लावलं!"

शेजारी दारांत गोळा झाले. हरेश्वरची बायको सगुणा धावत बाहेर आली. "अवो, पट्टे बदलून न्हाय का मिलनार?"

"मुंबईत मिलतील. उद्या दुसरी गाडी जाईल, दुसरा ड्रायव्हर जाईल." त्याने अंगात सदरा अडकवला.

"मंग शेटला काय सांगशीला?"

"माज्याच हातनं तेल सांडलं म्हनून सांगतो. दुसरं काय सांगू? बापाला शेटच्या शिव्या खायला घालू?" बापाकडे न बघता दात आवळून तो हे बोलला आणि तरातरा निघून गेला.

पोराने शिव्या दिल्या असत्या तर अंबाजीने उलट दोन दिल्या असत्या. तेलाचा रिकामा डबा उचलून तो किनाऱ्याकडे चालू लागला.

होडीवरचे झाप त्याने रागारागाने ओढून काढले. फळ्यांना भेगा पडल्या होत्या. डबा उपडा करून आपटला. थेंबही पडला नाही. मग हाताला राहिलेले तेल तो होडीच्या पुढच्या टोकाला पुसू लागला. हात चालू झाला तसे सवयीने नाव घ्यायला त्याचे ओठ उघडले.

आणि ही होडी घेऊन जाणारे घरात कुणी नाही, हे त्याच्या ध्यानात आले. तो तसाच, नाव न घेता, हात कोरडे होईपर्यंत लाकडावर पुसत राहिला.