ओई म्हंजी काकडी

"देठ ठिवून तोड गं, बोसोंगवाले," मी म्हनलं. "राग सुनंचा, आन् मान काकडीची कापतीयास."

"तुझी काकडी हाय का? न्हाई ना? मग गप तोड."

बोसोंग तिचं माहेर, म्हनून ती बोसोंगवाली. माझं हेनाम, म्हनून मी हेनामवाली. लगीन हून ह्या गावात आलो तवापासनं आमची खरी नावं कुनी इचारली न्हाईत, आन् आता आमच्या बी ध्यानात ऱ्हायली का, देव जाने. तिच्या पॉलिहाऊसात मी तोडनीला गेल्ती. ऊन वर आलं की त्या प्लास्टिकखाली जीव उकडून निघतो. वेलांचा हिरवा वास नाकात बसलेला, घाम डोळ्यात उतरत हुता, आन् बोसोंगवालीची कात्री नुसती कचाकचा चाललेली. मला ठावं हुतं का ते. आज तिची लेक मिरान ग्वांगजू शहरातनं गाडी घेऊन येनार हुती, आन् नातवाला घेऊन जानार हुती.

नातू उन्चान. चौथं वरीस लागलं तरी पोरगं बोलत न्हवतं. सून थोम, व्हिएतनामची. लई गुनाची बाई, पन आमची बोली तिच्या तोंडी अजून अडखळायची. पोरगं तान्हं हुतं तवा ती तिच्या बोलीत अंगाई म्हनताना बोसोंगवालीनं ऐकली, आन् तिथंच फर्मान सुटलं, "ही चिवचिव परत माझ्या कानावर आली, तर पोर तुझ्यापाशी ठिवनार न्हाई." तवापासनं थोमनं तोंडाला कुलूप लावलं. आता मला सांगा, आई मुकी तर लेकरू कुनाचं ऐकून बोलनार? बालवाडीची बाई बी म्हनली हुती, आईला तिच्या भाषेत बोलू द्या, पोराचं काय बी बिघडत न्हाई. बोसोंगवाली म्हनली, "त्या बाईला सोताचं पोर हाय का?" झालं, बाई निकालात. आन् पोराचा बाप संगबे? त्यो आईपुढं मुका, बायकोपुढं बहिरा.

"अगं, पर पोराला आईपासनं तोडायचं म्हंजी," मी म्हनलं.

"हौस हाय का मला?" तिची कात्री थांबली. "एका तोंडात दोन भाषा घातल्या की एक बी धड उगवत न्हाई. मिरानकडं ऱ्हाईल, साफ बोलंल. न्हाई तर साळंत पोरं त्याला मुका म्हनून दगडं मारतील. ते बघू का मी?"

तेवढ्यात वाफ्याच्या टोकाला, पालथ्या क्रेटवर बसलेला उन्चान वरडला, "बा ओई."

त्याचा तेवढा एकच शब्द. ओई म्हंजी आमच्या बोलीत काकडी, आन् बा म्हंजी पोराची बडबड, असं आमी धरल्यालं. बोसोंगवालीनं कवळी बघून तोडली, एप्रनला पुसली, त्याच्या हातात दिली. पोरानं ती फेकली, आन् तिच्याकडं बघून परत तेच, "बा ओई."

"बघ," ती म्हनली. तिचं डोळं भरलं हुतं. "रोज मागतंय ओई, आन् दिली की फेकतंय. अकलेनं कच्चं हाय गं माझं बाळ."

बाहेर गाडी वाजली.

मिरान चांगली पोर, पन शहरात राहून बोलनं इस्त्रीचं झालेलं. "वहिनी, रडू नका," ती म्हनली. "सुट्टीला येईलच की तो. तुमच्या भल्यासाठीच आहे सगळं." थोम रडत न्हवती. पोराच्या कपड्यांची पिशवी पोटाशी धरून उभी हुती, व्हट पांढरं पडल्यालं. तिच्या मनात काय चाललं हुतं ते मला आज कळतंय. तवा मला वाटलं, बाईचं काळीज दगडाचं हाय.

उन्चानला मागं बसवून पट्टा लावला. गाडी सुरू झाली तसं पोरानं काचेवर दोन्ही हात आपटलं आन् हंबरडा फोडला, "बा ओई! बा ओई!"

बोसोंगवाली धावली. क्रेटमधनं काकडी उचलली, पुसत पुसत गाडीशी गेली, काचेच्या फटीतनं आत घातली. "घे माझ्या राजा. ओई घे, रडू नगं."

पोरानं हात झिडकारला. काकडी मातीत पडली.

"आई," थोम म्हनली. गाडीचं दार तिनं घट्ट धरलं हुतं. "काकडी नाही. तो काकडी मागत नाही. माझ्या भाषेत बा म्हंजे आजी. ओई म्हंजे हाक. अगं आजी, असं. तो तुम्हाला हाक मारतो. रोज."

मी मनात म्हनलं, झालं. हिनं सोताच्या तोंडानं कबूल केलं. आता पोर तर गेलंच, हिला बी त्याच गाडीत घालून इमानतळावर सोडतील.

बोसोंगवालीनं मातीतली काकडी उचलली. मग म्हनली, "म्हंजी तू शिकवलंस त्याला."

"हो."

"कवा?"

"भांडी घासताना. नळ सोडून. तुम्हाला ऐकू येऊ नये."

"आन् तुझं नाव सोडून माझंच का शिकवलंस?"

"दिवसभर तुमच्याजवळ असतो," थोम म्हनली. "त्याला हाक मारता यायला पाहिजे."

बोसोंगवालीनं एप्रनचं टोक तोंडाला लावलं. मिराननं गाडी बंद केली. मग म्हातारी म्हनली, "आन् हाक आली की तुमच्यात मोठी मानसं काय म्हन्त्यात?"

"तेच. ओई."

म्हातारी काचेशी वाकली. आत पोरगं हुंदकं देत हुतं, आवाज बसला हुता. "बा ओई," त्यानं पुटपुटलं.

"ओई," बोसोंगवाली म्हनली.

हाकेला पैल्यांदाच ओ मिळाली तसं पोराचं रडनं थांबलं. टकामका बघितलं त्यानं, आन् मग नुसत्या मोज्यातला एक पाय वर करून भडाभडा बोलाया लागलं. थोडं आमचं, थोडं थोमचं. एवढं मला उमगलं की त्याचा एक बूट काकडीच्या वाफ्यात ऱ्हायला हुता आन् त्यो आजीनं आनून द्यायचा हुता.

"आई, उशीर होतोय," पुढच्या सीटवरनं मिरान म्हनली; पोराच्या रडन्यात तिला थोमचं बोलनं ऐकूच गेलं न्हवतं. "आणि त्याच्याकडे काकडी काय मागत बसलीस?"

"तुला न्हाई कळायचं," बोसोंगवाली पट्ट्याचं बटन दाबत म्हनली. "तू एकाच भाषेत वाढलीस."

पोराला काखोटीला मारून ती बूट शोधाया आत गेली. मी आन् थोमनं काकडीची एक पेटी उचलून मागच्या सीटवर ठिवली, पट्टा लावला. मिरान तेवढंच घेऊन ग्वांगजूला गेली.