एक नंबरपासून

दिव्यानीनं आज तिसऱ्यांदा विचारलं.

"मंग आई, करता का सुरू? एक नंबरपासून काढून देतो."

कमळानं शिंगाड्याची टोकं छाटण्यात डोकं खुपसलं. सून माजरीची, बाप कोळशाच्या खाणीत. लोकांच्या सुना लग्नात आलमारी आणतात. हिनं आलमारीसोबत पत्र्याची एक पेटीही आणली. पेटीत 'तिसरी चौकी' या चित्रांच्या पुस्तकाचे एकशे चौतीस अंक. खून, दरोडे, आणि त्यांच्या मागावर असलेली सरू हवालदारीण. शेजारणींनी पेटीत डोकावलं तेव्हा कमळाला कुठं तोंड लपवू असं झालं होतं. नवरी नवी, आणि वरच्याच अंकावर विहिरीत तरंगणारं प्रेत.

"माह्या डोयाले झेपत नाई," कमळा म्हणाली.

"अक्षरं मोठी हायेत."

"एकशे चौतीस संपेपर्यंत जगतो का मी?"

"गावच्या नाटकात तीन खून झाले तरी तुमी बोऱ्यावरून उठत नाई, आन पुस्तकातल्या एका खुनाले भेता." दिव्यानी हसली, मग जरा थांबून म्हणाली, "ह्यायले वाचाले देल्लं तं दुसऱ्या पानावर घोरते. घरात कोणीतरी पाह्यजे ना आई. सरूनं असं काऊन केलं असन, म्हणून बोलाले."

पोरीनं हे इतकं साधेपणानं म्हटलं की कमळाला तिच्याकडे पाहवेना. वाचायचं मन नव्हतं असं नाही. चौथीत शाळा सुटल्यापासून ती हाताला लागेल तो कागद वाचत आली होती. खरी अडचण त्या पेटीच्या तळाशी होती.

महिनाभरापूर्वी, दिवाळीत दिव्यानी माहेरी गेली आणि घरातली रद्दी संपली. पोंभुर्ण्याच्या एसटी स्टँडवर उकडलेले शिंगाडे पुडीशिवाय खपत नाहीत. कमळानं पेटी उघडली. वरचे अंक कोरे करकरीत, त्यांना हात लावणं बरं दिसेना, म्हणून तळाचे उपसले. तळातलं ते जुनं आणि जुनं ते वाचून झालेलं, असं तिला वाटलं. चार दिवसांत एकवीस अंकांच्या पुड्या झाल्या.

त्यात मजाही आली होती. कंडक्टर भैयाजी बसच्या दारातून विचारत होता, "बाई, याच्या मागचं पान कोणत्या पुडीत हाय? कुऱ्हाड तं उचलली, पडली कोणाच्या मानेवर ते दिसून नाई राह्यलं." सगळं स्टँड हसलं, कमळाही हसली. दुसऱ्या दिवशी त्याच्यासाठी ते पान शोधता शोधता तिनं स्वतःच चार पानं वाचून काढली.

मग दिव्यानी परत आली आणि एकदा बोलता बोलता म्हणाली, सगळ्याचं मूळ पहिल्या अंकांत आहे, ते वाचल्याशिवाय पुढचं काही कळत नाही. त्या दिवसापासून कमळानं पेटीवर गोधड्यांची चळत रचून ठेवली.

"काढतोच थांबा," म्हणत दिव्यानी उठली आणि वरची गोधडी उचलली.

नाही वाचत म्हटलं, तर पोर खाली बसेल आणि उद्यापासून विचारणार नाही. वाचतो म्हटलं, तर पेटी उघडेल.

"बस खाली," कमळा म्हणाली. "पयले एकवीस नाई हायेत त्याच्यात."

"असं कसं?"

"मीच घेतले. शिंगाड्याच्या पुड्या केल्या त्याच्या."

दिव्यानीला आधी ती थट्टा वाटली. मग तिनं कमळाच्या तोंडाकडे पाहिलं. गोधड्या बाजूला केल्या, अंक भराभर बाहेर काढले. सगळ्यात खाली बावीस नंबर होता.

"मले विचारलं असतं तं वरचे देल्ले असते मी," ती म्हणाली.

"वरचे नवे होते, म्हणून..."

"खालच्यावर बाबाची बोटं होती. ड्युटीवरून आला का हात धुवाच्या आधी पुस्तक चाळे. माय ओरडे त्याच्यावर. पानोपानी काळे अंगठे."

कमळाला ते अंगठे आठवले. मळकी आहेत, तशीही फेकायचीच, म्हणून तीच पानं तिनं सगळ्यात आधी फाडली होती. एवढं मात्र ती बोलली नाही. सगळं कबूल करायला बसलेलं माणूसही एखादी गोष्ट गिळतंच.

"चुकलं माह्यं, दिव्यानी."

दिव्यानी आत गेली आणि तिनं गॅस पेटवला.

कमळानं हात धुतले, पदराला पुसले, पुन्हा धुतले. बावीस नंबर उचलून स्वयंपाकघराच्या दाराशी आली.

"इथून सुरू करतो मी."

"समजणार नाई तुमाले."

"सांगशीन?"

"आज नाई."

कमळा बाहेर येऊन भिंतीला टेकली आणि पान उघडलं. तिला मनातल्या मनात वाचता येत नसे. बोट ठेवून, एकेक शब्द तोंडानं म्हणत ती पुढे सरकू लागली. सरू हवालदारीण दार उघडते. दारात डोक्याला पट्टी बांधलेला माणूस. सरू त्याला शिव्या देते आणि पाणीही देते. कमळा परत मागे गेली, चित्र जवळ धरून पाहिलं. कोण हा, कुठून आला, काही पत्ता लागेना. विचारायचं कोणत्या तोंडानं?

"भाऊ दिसते हिचा," ती स्वतःशीच म्हणाली.

आत भाजी परतणाऱ्या सराट्याचा आवाज थांबला.

"नवरा हाय तो," आतून दिव्यानी म्हणाली. "सोडून गेलेला."

सराटा पुन्हा कढईत फिरू लागला. कमळानं ते पान पहिल्यापासून वाचायला घेतलं, या वेळी त्याला नवरा धरून.